कुणी बघितलं नाही, तरी जबाबदारी आपलीच? 'घटनाच बोलते' हा नियम आणि दुकानदाराचा विमा



मागच्या व्हिडिओत दुकानाच्या विम्यावर बोलताना मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेलो. "थेट पुरावा नसला तरी तुमचा निष्काळजीपणा कोर्टात मानला जाऊ शकतो." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, असं कसं? कुणी बघितलं नाही, कॅमेऱ्यात नाही, साक्षीदार नाही, मग आपल्यावर येईलच कसं? विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून लिहून काढतोय. आधी माझ्यावर काय गुजरलं ते सांगतो, कारण मी हे बीबीएच्या पुस्तकातून शिकलो नाही, दुकानाच्या ओट्यावर शिकलो.

आपलं दुकान शेतीच्या पाईपचं, मोटारीचं, थोडं हार्डवेअर. कळमनुरीत बहुतेक दुकानदार करतात तसं मी पण वीस फुटी पाईपचे गठ्ठे बाहेर भिंतीला उभे टेकवून ठेवायचो, वरून एक सुतळी. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जवळच्या गावचे एक मामा फुटव्हॉल्व घ्यायला आले. मी आत बिल करत होतो, पोरगा चहा आणायला गेलेला. बाहेर धाडकन आवाज झाला. जाऊन बघतो तर गठ्ठा घसरलेला आणि मामा खाली. नडगीचं हाड मोडलं होतं.

त्यांना नांदेडला नेलं, प्लेट बसवावी लागली. आता खरं सांगतो, रात्री झोपताना माझ्या डोक्यात काय हिशोब चालू होता. कॅमेरा गल्ल्यावर लावलेला, बाहेरचं काहीच दिसत नाही. सुतळी मी बांधली होती की नाही, कुणाला माहीत? मामांचाच हात लागला असेल. वारं आलं असेल. सिद्ध कोण करणार? हे मी तोंडाने बोललो नाही, पण मनात होतं. दुसऱ्या दिवशी मामांचा मुलगा आला. भांडायला नव्हता आला. एवढंच म्हणाला, "दादा, नीट बांधलेला पाईप आपोआप पडतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे एका वकील मित्राशी बोललो तर तो हसला. म्हणाला, त्या पोराने जे विचारलं तेच कायदा विचारतो, दीडशे वर्षांपासून. त्याला लॅटिनमध्ये 'रेस इप्सा लोक्विटर' म्हणतात. सरळ मराठीत, घटनाच बोलते.

ह्या नियमाची सुरुवात पण एका व्यापाऱ्याच्या गोदामातच झाली. साल १८६३, इंग्लंडमधलं लिव्हरपूल. एक माणूस रस्त्याने चालला होता आणि पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून, वरच्या खिडकीतून, पिठाचं पिंप त्याच्या अंगावर पडलं. पिंप कसं सुटलं, कुणाच्या हातून सुटलं, हे सांगणारा एकही साक्षीदार नाही. व्यापारी म्हणाला, माझी चूक दाखवा. कोर्ट म्हणालं, पिठाची पिंपं काळजी घेतल्यावर खिडकीतून रस्त्यावर पडत नसतात. पिंप तुमच्या ताब्यात होतं, तेव्हा कसं पडलं हे तुम्हीच सांगा. हा बर्न विरुद्ध बोडल खटला. दोनच वर्षांनी लंडनच्या गोदीत साखरेची पोती एका माणसावर पडली, तिथेही हाच मुद्दा आला. म्हणजे बघा, पीठ आणि साखर. किराणावाल्यांनी तर हा नियम पाठच करायला हवा.

आता हा नियम कधीही, कुठेही लागत नाही. त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, झालेली घटना अशी हवी की साधारणपणे कुणीतरी हलगर्जीपणा केल्याशिवाय ती होत नाही. दुसरी, ज्या वस्तूमुळे झालं ती तुमच्या ताब्यात हवी. तिसरी, ज्याला लागलं त्याच्या स्वतःच्या करणीने झालं असं दिसायला नको, आणि दुसरं कुठलं पटणारं कारण समोर नको. हे जुळलं की कोर्ट म्हणतं, सकृतदर्शनी निष्काळजीपणा दिसतो, आता दुकानदारा, तू बोल. ह्याचा अर्थ तुम्ही हरलात असा नाही. बोलायची पाळी तुमच्यावर आली, एवढाच. पण बोलायला तुमच्याकडे काहीच नसेल तर मात्र हरलातच.

माझ्या पाईपवर हे लावून बघा. पाईप माझा, ओटा माझा, बांधायचं काम माझं. मामा नुसते उभे होते. संपला विषय.

नागपूरहून निघालेली गाडी

आता आपल्या भागातलं प्रकरण सांगतो, आणि हे जरा सावकाश वाचा, कारण ह्यात धंदा, नोकर, गाडी आणि विमा, चारही आहेत.

१८ डिसेंबर १९६०. रणजित जिनिंग अँड प्रेसिंग नावाची कंपनी. तिचा मॅनेजर कंपनीची कार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला, कंपनीच्याच कामाला. सोबत गाडीत एक ओळखीचे गृहस्थ, उदेशी. सावनेरच्या बाजूला गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला जाऊन एका झाडावर आदळली. उदेशी गेले आणि गाडी चालवणारा मॅनेजरही गेला. म्हणजे आतून काय झालं हे सांगणारा माणूसच उरला नाही. अपघात डोळ्याने बघितलेला साक्षीदार नाही.

उदेशींच्या पत्नी पुष्पाबाई आणि मुलांनी भरपाई मागितली. क्लेम ट्रिब्युनलने ३१,२०९ रुपये ९५ पैसे मंजूर केले. कंपनी हायकोर्टात गेली आणि तिथे जिंकली. हायकोर्टाने दोन गोष्टी मानल्या. निष्काळजीपणाने गाडी चालवली हे सिद्ध झालेलं नाही. आणि उदेशींना गाडीत घेणं हे मॅनेजरचं खासगी होतं, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि निकाल लागला मार्च १९७७ मध्ये. सोळा वर्षं झाली होती. कोर्टाने काय बघितलं? रस्ता पंधरा फूट रुंद, सरळ, दोन्ही बाजूला शेतं. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते आणि ही गाडी पार उजवीकडे जाऊन झाडावर बसली, तीही एवढ्या जोरात की पुढचा भाग चुराडा. सरळ मोकळ्या रस्त्यावर, नीट चालवलेली गाडी असं करत नाही. मग कोर्ट म्हणालं, इथे घटनाच बोलते. गाडी का गेली हे सांगायची जबाबदारी कंपनीची, आणि कंपनीने काहीच सांगितलं नाही. आता कुणी म्हणेल, स्टिअरिंग तुटलं असेल, जनावर आडवं आलं असेल. असेल ना. पण 'असेल' ह्या शब्दाने कोर्टात पोट भरत नाही. तसं झालं असं दाखवावं लागतं.

दुसरा मुद्दा तर आपल्यासाठी अजून मोठा. मॅनेजर कंपनीच्या कामाला चालला होता, गाडी कंपनीची होती, तेव्हा त्याने सोबत कुणाला बसवलं तरी त्याच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, असं कोर्टाने ठरवलं. तुमचा पोरगा तुमची पिकअप घेऊन मालाला जातो आणि वाटेत ओळखीच्याला बसवतो. "मी सांगितलं नव्हतं" हे म्हणणं तिथे फारसं चालत नाही.

आणि आता विमा. ट्रिब्युनलने ठरवलेली रक्कम सुप्रीम कोर्टाने परत मंजूर केली, पण विमा कंपनीने त्यातले फक्त १५,००० द्यायचे. का? तेव्हाच्या कायद्यात कारमधल्या अशा प्रवाशाला सक्तीचा विमा लागू नव्हता आणि ह्या पॉलिसीत प्रवाशासाठी वेगळं घेतलेलं संरक्षण तेवढंच होतं. बाकीचे सोळा हजारांच्या वर कंपनीच्या खिशातून. १९७७ चे सोळा हजार, लक्षात घ्या. मी ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना हे प्रकरण सांगतो ते ह्याच आकड्यासाठी. जबाबदारी किती येणार हे कोर्ट ठरवतं, आणि विमा किती देणार हे तुमची पॉलिसी ठरवते. दोन्ही आकडे एक असतील असं कुणीही लिहून दिलेलं नसतं.

आजही हा घोळ आहेच. नुसता थर्ड पार्टी विमा काढलेल्या कारमध्ये फुकट बसलेला माणूस साधारणपणे त्यात येत नाही, पॅकेज पॉलिसीत येतो. मालवाहू गाडीत तर अजून कडक आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस सोबत असला तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो विम्यात धरला जातो. पण भाड्याने किंवा फुकट, नुसते लिफ्ट म्हणून बसवलेले लोक त्यात नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलंय. हळदीच्या सीझनला टेम्पोच्या हौद्यात पोत्यांवर किती माणसं बसलेली असतात, ते वसमत रोडला उभं राहून एकदा मोजा.

कोणाच्या हातून झालं, हेही लागत नाही

काही जण म्हणतात, आमच्याकडे सहा पोरं कामाला, नेमकी कुणाची चूक हे कोण ठरवणार? त्यासाठी मराठवाड्यातलंच एक प्रकरण आहे. जुलै १९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. बाळंतपणानंतर एका बाईचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. त्रास वाढत गेला, दुसरं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा पोटात पुसायचं कापड सापडलं. बाई वाचली नाही. कापड डॉक्टरने ठेवलं, नर्सने मोजलं नाही, की अजून कुणी, हे कुणालाच नेमकं दाखवता आलं नाही. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले, आणि १९९६ ला सुप्रीम कोर्टाने परत दिले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पोटात कापड राहतं ते हलगर्जीपणाशिवाय राहत नाही, आणि तिथे काम करणारे सगळे सरकारचे नोकर, म्हणून जबाबदार सरकार. तेहतीस वर्षं लागली, ही गोष्ट वेगळीच आणि वाईटच. पण नियम कळला ना? बोट एका माणसावर ठेवता आलं नाही म्हणून मालक सुटत नाही.

आणखी एक ओळ, ज्यांची बिल्डिंग जुनी आहे त्यांच्यासाठी. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ ला कोसळून माणसं मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा, आणि त्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास. १९६६ ला सुप्रीम कोर्टाने तिथेही हाच नियम लावला. रस्त्याच्या कडेची इमारत, बोर्ड, पत्र्याचं शेड, सगळं ह्यात आलं.

मग सुटका कशी?

सुटका कागदात आहे. हा नियम म्हणजे अंदाज आहे, आणि अंदाज खोडता येतो. समजा मी दर आठवड्याला पाईपचा स्टँड तपासतो, वहीत तारीख टाकतो, फोटो काढून ठेवतो, साखळीला कुलूप आहे, आणि तरीही एखाद्या ट्रकने मागे घेताना स्टँडला धडक दिली. मी हे दाखवलं की 'घटनाच बोलते' गप्प होते, कारण आता दुसरं कारण समोर आलं.

अजून एक गैरसमज. पोलीस केस वेगळी, भरपाई वेगळी. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि तिथे हा नियम जसाच्या तसा चालत नाही. १९७९ च्या सय्यद अकबर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय. तिथे बसखाली एक लहान मूल आलं होतं, मूल अचानक रस्त्यात धावलं होतं, ड्रायव्हर सुटला. पण भरपाईच्या दाव्यात पारडं कुठल्या बाजूला जास्त झुकतं एवढंच बघतात. म्हणून "पोलिसांनी काहीच केलं नाही, म्हणजे आपण मोकळे" असं समजू नका.

आता उलटी बाजू: विमा कंपनी तुमच्यावर अंदाज लावते तेव्हा

आतापर्यंत आपण आरोपीच्या जागी होतो. आता दुकानाला आग लागली असं धरा. रात्री दोनला, दुकान बंद, कुणी नाही. सर्व्हेअर येतो, जळलेली वायर बघतो आणि लिहितो, "वायरिंगवर जास्त लोड, योग्य काळजी घेतली नाही." क्लेम अडकला. इथे पण थेट पुरावा नाही, इथे पण अंदाजच. मग हा अंदाज का खोडता येतो?

कारण आगीचा विमा आणि जबाबदारीचा विमा ह्यांचं गणित वेगळं आहे. आगीच्या विम्यात साधी चूक, विसर, हलगर्जी, ह्यासाठीच तर आपण प्रीमियम भरतो. माणूस चुकणार हे धरूनच ती पॉलिसी आहे. मुद्दाम लावलेली आग मात्र नाही. २०२३ ला मुदित रोडवेज ह्या गोदामाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की आग शॉर्ट सर्किटने लागली की आणखी कशाने, हे महत्त्वाचं नाही, जोपर्यंत विमा घेणाऱ्यानेच ती लावलेली नाही. आणि "त्यानेच लावली" असं म्हणायचं असेल तर नुसता संशय पुरत नाही, ते कंपनीने दाखवायचं. पॉलिसीतल्या अटी अर्थातच पाळलेल्या हव्यात. रॉकेल-डिझेलचा साठा न सांगता ठेवला असेल तर तो वेगळा विषय होतो.

सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २००९ ला प्रदीप कुमार प्रकरणात सांगितलेलं आहे. रिपोर्टची प्रत मागा, त्यात अंदाज कोणता आणि बघितलेली गोष्ट कोणती हे पेन घेऊन वेगळं करा. "दिसते की", "शक्यता आहे" अशी वाक्यं किती आहेत ते मोजा. आणि धंद्याचा विमा आहे म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२३ च्याच हरसोलिया मोटर्स निकालाने तो दरवाजा उघडा असल्याचं सांगितलंय. जिल्हा आयोग हिंगोलीला आहे, मुदत दोन वर्षांची.

चोरीच्या पॉलिसीत मात्र जपून. तिथे बहुतेक वेळा 'जबरदस्तीने आत शिरल्याची' अट असते. २००४ च्या हरचंद राय प्रकरणात कुलूप, शटर, भिंत काहीच फोडलेलं नव्हतं, म्हणून दुकानदाराला सुप्रीम कोर्टातही काही मिळालं नाही. चोरी झाली हे सगळ्यांना मान्य असूनसुद्धा. म्हणून तुटलेलं कुलूप पंचनामा व्हायच्या आत बदलू नका. तेच तुमच्या बाजूने बोलणार आहे.

आणि एक जागा अशी, जिथे हा सगळा कायदा आपल्या बाजूने आहे. ट्रान्सपोर्टने पाठवलेला माल वाटेत भिजला, जळला, हरवला, तर ट्रान्सपोर्टवाल्याची चूक तुम्ही सिद्ध करायची नसते. माल त्याच्या ताब्यात होता, बस. १८६५ च्या जुन्या कायद्यापासून हे चालत आलंय. पण २००७ च्या नव्या कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आपण काय करतो? फोनवर भांडतो, पुढच्या भाड्यात कापून घेऊ म्हणतो, बिल्टी हरवून टाकतो आणि सहा महिने निघून जातात.

पॉलिसीत काय बघायचं

माझ्याकडे त्या वेळी आगीची आणि चोरीची पॉलिसी होती. एजंटला फोन केला तर म्हणाला, "साहेब, मामांचा पाय ह्यात येत नाही." बरोबरच होतं त्याचं. छोट्या धंद्यासाठी २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. चांगली आहे, पण ती तुमच्या मालमत्तेची. गिऱ्हाईकाला लागलं तर त्यासाठी 'पब्लिक लायबिलिटी' वेगळं घ्यावं लागतं. दुकानदार पॅकेज पॉलिसीत तो एक विभाग असतो, आणि बरेच जण प्रीमियम कमी करायला नेमका तोच खोडतात. मी पण खोडला होता. त्यात दोन आकडे बघा, एका घटनेला किती आणि वर्षाला किती. कामगारांचं वेगळं. कामावर असताना इजा झाली तर मालकाची चूक होती का, हा प्रश्नच सहसा येत नाही.

ह्या पॉलिसीत एक अट असते जी वाचून मला विचित्र वाटलं होतं. कंपनीला न विचारता तुम्ही चूक कबूल करायची नाही, रक्कम ठरवायची नाही. कुणी म्हणेल, मग काय माणूस ओट्यावर पडू द्यायचा? अजिबात नाही. दवाखान्यात न्या, ॲडमिट करा, घरी कळवा, रोज विचारपूस करा. ही माणुसकी झाली, कबुली नाही. फक्त स्टँपवर "माझ्या चुकीने झाले, मी एवढे लाख देईन" असं लिहून देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. आणि जागेचे फोटो काढा, आवरून टाकण्याच्या आधी, तुमच्या विरोधात जाणारे असले तरी.

मामांचा सगळा खर्च मी दिला. दवाखाना, औषधं आणि पेरणीच्या हंगामात शेतावर लावलेल्या गड्याची मजुरी, मिळून लाखाला थोडे कमी. कोर्टात कुणी गेलं नाही. आता पाईप आडवे असतात, लोखंडी स्टँडमध्ये, आणि बाहेरचा कॅमेरा वेगळा आहे. तपासणीची वही शटरच्या मागे खिळ्याला टांगलेली असते. दर सोमवारी पोरगा सही करतो, मी पण करतो. मामा अजून आमच्याकडूनच पाईप नेतात. थोडं लंगडतात. आले की आधी स्टँडला हात लावून हलवून बघतात, मग आत येतात.